प्लास्टिकचा रणगाडा जोडताना : प्रमाण, रंग आणि आतली चार माणसं



तान्ह्या पोळ्याला आपल्या इकडची पोरं लाकडी नंदी घेऊन घरोघर फिरतात. दिवाळीत कुणाच्या अंगणात मातीचा किल्ला उभा राहतो. दोन्ही गोष्टी मला आवडतात. पण किल्ल्याच्या दरवाज्यात मावळा उभा करून बघा, तो बहुतेक वेळा दरवाज्यापेक्षा उंच निघतो! नंदीची शिंगंही कारागिराच्या मर्जीनं लहान-मोठी होतात. तिथं प्रमाणाचा हट्ट नसतो आणि नसावाही. आज ज्या खेळाबद्दल लिहितो आहे, त्यात मात्र सगळी गंमत प्रमाणाचीच आहे. खऱ्या वस्तूचा प्रत्येक भाग सारख्याच पटीनं लहान केलेला असतो. चाक ३५ पट लहान, तर दाराची कडीसुद्धा ३५ पट लहान.

प्लास्टिकचे सुटे भाग जोडून करायच्या या प्रतिकृतींना सगळे ‘मॉडेल किट’ म्हणतात. विमान, जहाज, मोटार असं काहीही मिळतं. पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी मी रणगाडा सुचवतो आणि त्यावर काही पालक लगेच विचारतात, ‘सर, पोरांच्या हाती युद्धाचं खेळणं कशाला?’ प्रश्न रास्त आहे. आपल्या मौद्याजवळच भंडाऱ्याची आयुध निर्माणी आहे. २४ जानेवारी २०२५ ला तिथं झालेल्या स्फोटात कामगारांचे जीव गेले, ही गोष्ट इथल्या पोरांनी घरात ऐकलेली आहे. कामठीला गार्ड्स रेजिमेंटचं प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळे लष्कराच्या गाड्याही त्यांना नव्या नाहीत. शस्त्र म्हणजे काय, हे आपण लपवून लपत नाही. मोबाइलवरच्या गेममध्ये रणगाडा दोन सेकंदांत उडतो आणि लगेच दुसरा येतो. तोच रणगाडा महिनाभर बसून जोडला, तर त्यात माणूस कुठं बसतो हे कळतं. माझं उत्तर एवढंच आहे, आणि ते पुढं सविस्तर येईलच.

आधी शब्दाची एक गोष्ट, भाषेच्या तासाला कामी येईल. रणगाडे पहिल्यांदा लढाईत उतरले ते १५ सप्टेंबर १९१६ ला, फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत. ते बनत असताना इंग्रजांनी गुप्तता राखायला ‘पाण्याच्या टाक्या बनताहेत’ अशी हूल उठवली आणि ‘टँक’ हे टोपणनावच कायमचं चिकटलं. या इंग्रजी शब्दाचं मूळ काही शब्दकोश गुजरातीतल्या आणि मराठीतल्या टाकीशी, टाक्याशी जोडतात. म्हणजे आपलाच शब्द वेषांतर करून परत आला म्हणायचा. मराठीनं मात्र वेषांतर ठेवलं नाही. रणातला गाडा तो रणगाडा. काम नावातच सांगितलं.

१:३५ म्हणजे नेमकं किती?

किटच्या खोक्यावर १:३५ असं छापलेलं असतं. हा ३५ आकडा आला कुठून? ४० का नाही, ३० का नाही? याची गोष्ट मुलांना फार आवडते. जपानची टामिया ही कंपनी मुळात लाकूड कापण्याच्या धंद्यातली. पुढं ती लाकडी आणि नंतर प्लास्टिकच्या प्रतिकृती करू लागली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिनं पँथर नावाच्या जर्मन रणगाड्याचं मोटरवर चालणारं मॉडेल काढलं. आत मोटर आणि सेल मावले पाहिजेत, या हिशोबानं त्याचा आकार ठरला. नंतर मोजलं तर ते मूळ रणगाड्याच्या साधारण ३५ पट लहान भरलं. तेच माप पुढं जगभर रूढ झालं. गणितातले सगळेच आकडे आकाशातून पडत नाहीत, काही सेलच्या डब्यातूनही येतात!

आता उदाहरणाला सेंच्युरियन रणगाडा घेऊ. हा मूळचा ब्रिटिश. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत आपल्या सैन्यानं तो वापरला. तोफेची नळी सोडून लांबी सुमारे ७.६ मीटर, रुंदी ३.३९ मीटर, उंची ३.०१ मीटर. प्रत्येक माप सेंटिमीटरमध्ये करून ३५ ने भागायला लावा. २१.७, ९.७ आणि ८.६ सेंटिमीटर. कंपासपेटीपेक्षा थोडासा लांब. तोफेचं तोंड ८४ मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे मॉडेलवर २.४ मिलिमीटर. आणि १७५ सेंटिमीटर उंचीचा सैनिक? बरोबर ५ सेंटिमीटर. हा ५ सेंटिमीटरचा माणूस लक्षात ठेवा, तो मातीचा करून ठेवलात तर आणखी चांगलं. पुढं त्याचं काम आहे.

खरी मजा वजनात आहे. सेंच्युरियनचं वजन सुमारे ५२ टन. मुलांना विचारा, सगळं काही ३५ पट लहान केलं आणि आतून-बाहेरून त्याच पोलादाचं केलं, तर छोट्या रणगाड्याचं वजन किती होईल? बहुतेक मुलं ५२ टनाला ३५ ने भागतात आणि दीड टन सांगतात. मग म्हणायचं, दीड टनाची कंपासपेटी बाकावर ठेवा बरं! वर्ग हसतो आणि चूक आपोआप दिसते. इथं लाकडी ठोकळे काढायचे. प्रत्येक बाजू दुप्पट केली तर लहान ठोकळे दोन नाही, आठ लागतात, कारण लांबी दुप्पट, रुंदी दुप्पट आणि उंचीही दुप्पट. तसंच इथं ३५ ला तीनदा गुणायचं. ३५ × ३५ × ३५ म्हणजे ४२,८७५. बावन्न हजार किलोला यानं भागलं की उत्तर येतं १ किलो २०० ग्रॅमच्या आसपास. प्लास्टिकचं मॉडेल आतून पोकळ असल्यामुळे त्याहूनही पुष्कळ हलकं असतं. सहावीतला गुणोत्तर-प्रमाणाचा धडा आणि भूगोलातलं नकाशाचं प्रमाण यांच्यामध्ये ही पायरी आपल्याकडून नेहमी सुटते. नकाशा सपाट असतो म्हणून तिथं घनाचा विचार येत नाही. वस्तू हातात आली की तो टाळता येत नाही.

जोडणी

खोकं उघडलं की सुटे भाग दिसत नाहीत, जाळ्या दिसतात. प्लास्टिकच्या काड्यांची चौकट आणि तिला चिकटलेले शंभर-दीडशे भाग. वितळलेलं प्लास्टिक पोलादी साच्यात दाबून भरतात. ते ज्या नळ्यांतून वाहत जातं, त्याच थंड झाल्यावर या काड्या होतात. साचा दोन फाळ्यांचा असतो, म्हणून प्रत्येक भागावर मधून एक बारीक रेघ उठते. साच्यातल्या गणपतीच्या मूर्तीवर कारागीर जी रेघ घासून काढतो ना, तीच ही. मुलांना ती शोधायला सांगा, वस्तू कशी बनली हे रेघेवरून ओळखता येतं.

कामाला लागण्यापूर्वी जाळ्या साबणाच्या कोमट पाण्यात धुवायच्या, कारण साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. भाग ओढून तोडायचे नाहीत. जुनं नेलकटर हे काम उत्तम करतं, मुलांच्या हातात सुरक्षितही आहे. राहिलेला गाठीसारखा तुकडा बारीक पॉलिश पेपरनं घासायचा. कटरचं पातं लागलंच तर ते मोठ्यांनी चालवायचं, यात तडजोड नको.

डिंक कोणता, हा विज्ञानाचा विषय आहे. फेव्हिकॉलनं हे प्लास्टिक चिकटत नाही. हे पॉलिस्टायरीन आहे आणि गंमत म्हणजे आपला गणपतीच्या मखराचा थर्माकोलही पॉलिस्टायरीनच, फक्त हवा भरून फुगवलेला. थर्माकोलच्या तुकड्यावर नेलपॉलिश रिमूव्हरचा एक थेंब टाका, खड्डा पडतो. किटचा डिंक याच तत्त्वावर चालतो. तो दोन्ही कडा थोड्या विरघळवतो, त्या एकमेकींत मिसळतात आणि द्रव उडून गेला की एकजीव होतात. म्हणजे हे चिकटवणं कमी, वेल्डिंग जास्त. म्हणूनच थेंब जास्त झाला तर भागच वितळतो. वास उग्र असतो, खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि हा टप्पा मोठं माणूस शेजारी असल्याशिवाय करू द्यायचा नाही. वाळेपर्यंत धरून ठेवायला कपड्यांचे चिमटे आणि रबर बँड पुरतात.

सूचनापुस्तिकेत वाक्यं जवळपास नसतातच, चित्रं आणि क्रमांक असतात. इथं वर्गातली क्रमवारी उलटीपालटी होते. वाचनात मागं पडणारी एक मुलगी माझ्या गटात होती. भाग हातात फिरवून ‘हा उलटा बसते सर, खाच त्या बाजूले आहे’ हे ती सगळ्यांच्या आधी सांगायची. आकृती मनात फिरवून बघण्याची ही क्षमता आपल्या चाचण्यांमध्ये कुठं नोंदवली जाते, मला अजून सापडलेलं नाही.

चाकं आणि पट्टे यांच्यावर मात्र वेळ घालवा. घाईची मुलं चाकं लावून, पट्टा गुंडाळून मोकळी होतात. त्यांना थांबवून विचारायचं, एवढा जड गाडा चिखलात रुतत का नाही? आपल्या भागातल्या पोरांना धानाची बांधी माहीत आहे. चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील का लावतात, हेही त्यांनी पाहिलेलं असतं. सेंच्युरियनचा एक पट्टा साधारण ६१ सेंटिमीटर रुंद आहे आणि जमिनीवर साडेचार मीटरच्या आसपास टेकतो. असे दोन पट्टे. क्षेत्रफळ काढलं तर ५५ हजार चौरस सेंटिमीटरच्या घरात जातं. बावन्न हजार किलोला त्यानं भागा. एका चौरस सेंटिमीटरवर एक किलोपेक्षाही कमी भार! बैलाच्या खुराखालचा दाब बहुधा याहून जास्त भरतो. पोळ्याच्या नंदीला चाकं असली तरी खरा बैल चार खुरांवर उभा असतो, हे आठवून मुलं स्वतःच हिशोब मांडतात.

रंग

रंगकामाची पहिली अडचण क्रमाची आहे. आधी सगळं जोडून मग रंगवायचं, की भाग सुटे असतानाच? उत्तर एक नाही. चाकांची आतली बाजू जोडल्यावर ब्रशला सापडत नाही, म्हणून ती आधी रंगवायची. धड आणि वरचा फिरता घुमट वेगवेगळे ठेवून रंगवायचे. कुठलं काम पुढच्या कामाची वाट अडवेल, याचा विचार मुलांना आधी करावा लागतो. तो फळ्यावर शिकवता येत नाही.

शाळेतले पोस्टर कलर गुळगुळीत प्लास्टिकवर टिकत नाहीत, वाळून टवके उडतात. त्यामुळे आधी प्रायमरचा पातळ थर द्यायचा आणि त्यावर पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग. रंग दुधाइतका पातळ हवा. जाड एक थर देण्यापेक्षा पातळ तीन थर द्यावेत आणि मध्ये पूर्ण वाळू द्यावं. मुलांची खरी परीक्षा या वाळण्याच्या वेळेत होते.

आता एक मजेशीर प्रश्न. खऱ्या रणगाड्याचा हिरवा रंग आणून तोच मॉडेलला दिला, तर ते बरोबर दिसेल का? नाही, मॉडेल काळपट दिसतं. मॉडेल आपण एका फुटावरून बघतो. ३० सेंटिमीटर गुणिले ३५ म्हणजे साडेदहा मीटर. म्हणजे आपण खरा रणगाडा साडेदहा मीटरवरून बघतो आहोत असं डोळ्यांना वाटलं पाहिजे. लांबच्या वस्तूंचा रंग हवेमुळे फिका होतो. रामटेकचा गड जवळून हिरवा आणि लांबून निळसर-राखाडी दिसतो, तसंच. म्हणून जाणकार लोक हिरव्यात थोडा पांढरा किंवा पिवळट रंग मिसळतात.

त्यानंतर काळपट तपकिरी रंगाचं अगदी पातळ पाणी खाचांवर सोडायचं. ते आपोआप फटीफटींतून धावत जातं. हे केशाकर्षण, कंदिलाची वात तेल ओढते तसं. खाचा गडद झाल्या की सपाट दिसणारं प्लास्टिक एकदम जड, पोलादी दिसायला लागतं. उलट, उठावाच्या कडांवर जवळजवळ कोरडा ब्रश फिरवून फिका रंग लावायचा. या दोन क्रिया करून बघितल्यावर चित्रकलेच्या वहीतली छाया-प्रकाशाची चित्रंही सुधारतात, हा माझा अनुभव आहे.

शेवटी चिखल. मुलांना वाटतं, अंगणातली माती डिंकात कालवून लावली की झालं. इथंही ३५ आडवा येतो. कन्हानच्या रेतीचा एक मिलिमीटरचा कण मॉडेलवर साडेतीन सेंटिमीटरचा खडा होतो! माती वाळवून, कुटून, मलमलच्या कापडातून गाळून घ्यायची. मग रंगात मिसळून चाकांजवळ दाट आणि वर विरळ लावायची. घुमटावर चिखल थापणाऱ्याला विचारायचं, तिथवर तो उडाला कसा?

किटमध्ये पाण्यात भिजवून लावायच्या खुणा आणि आकडे मिळतात, पण त्या बहुधा ब्रिटिश सैन्याच्या असतात. भारतीय खुणा हव्या असतील तर जुने फोटो बघून बारीक ब्रशनं काढाव्या लागतात. फोटोत नसलेलं काही मनानं रंगवायचं नाही, हा नियम मी पाळायला लावतो. मोठा तिरंगा रंगवायचा मोह सगळ्यांना होतो. लढाईत शत्रूला लांबून दिसेल अशी भडक खूण कुणी कशाला करेल, हे विचारलं की मुलं स्वतःच ब्रश खाली ठेवतात.

आतली चार माणसं

घुमट बसवण्याआधी सगळ्यांना आत डोकावू द्या. सेंच्युरियनमध्ये चार जण असतात. पुढं उजवीकडे चालक आणि घुमटात कमांडर, तोफ डागणारा आणि तोफगोळा भरणारा. आता तो ५ सेंटिमीटरचा मातीचा माणूस काढा आणि वरच्या झाकणातून जातो का बघा. झाकणाचा व्यास मोजा, ३५ ने गुणा, तेवढं वर्तुळ खडूनं जमिनीवर काढा आणि पोरांना त्यात उभं करा. त्यानंतर वर्गात आवाज कमी होतो. एका मुलानं मला विचारलं होतं, ‘सर, आतमध्ये आग लागली त मानसं बाहेर कशी निघते?’ पुस्तकात हा प्रश्न नाही. मॉडेलनं तो विचारायला लावला.

उत्तर शोधायला मॉडेलच वापरायचं. घुमट हळूहळू फिरवा. बऱ्याच रणगाड्यांमध्ये तोफ एका विशिष्ट कोनात थांबली तर चालकाच्या डोक्यावरची वाट अडते. तुमच्या किटमध्ये तसं होतं का, हे मुलांनी बघावं.

आणि मग अरुण खेत्रपाल यांची हकीकत सांगावी. त्यांचा जन्म पुण्याचा, १४ ऑक्टोबर १९५० चा. पूना हॉर्स या रेजिमेंटमध्ये ते सेकंड लेफ्टनंट होते. ही रेजिमेंट १८१७ मध्ये पुण्यात उभी राहिली, तेव्हा घोड्यांची होती. १६ डिसेंबर १९७१ ला शकरगड भागात बसंतर नदीजवळ सुरुंग पेरलेल्या जमिनीतून वाट काढत त्यांचे सेंच्युरियन पुढं गेले आणि समोरून पाकिस्तानी रणगाडे आले. खेत्रपाल यांच्या रणगाड्यानं पेट घेतला. वरून रेडिओवर बाहेर पडण्याचा हुकूम आला. आपली तोफ अजून चालते आहे, असं कळवून ते आतच राहिले आणि लढताना मारले गेले. वय २१. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. याच रेजिमेंटचे लेफ्टनंट कर्नल आर्देशिर तारापोर हे १९६५ च्या युद्धात १६ सप्टेंबरला गेले. त्यांनाही परमवीरचक्र आहे.

ही हकीकत मी घोषणा देत सांगत नाही. हातात मॉडेल असतं, झाकण किती अरुंद आहे हे नुकतंच खडूनं बघितलेलं असतं, त्यामुळे आवाज चढवायची गरज पडत नाही. समोरच्या पाकिस्तानी रणगाड्यांमध्येही अशीच माणसं बसलेली होती, हे मुलं स्वतःहून बोलतात. बोलली तर थांबवू नका.

खरे रणगाडे बघायचे असतील तर अहिल्यानगरला, म्हणजे जुन्या अहमदनगरला, कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात देशोदेशीचे सुमारे ५० रणगाडे आणि चिलखती गाड्या उघड्यावर मांडलेल्या आहेत. सेंच्युरियन, आपल्या आवडीच्या कारखान्यात बनलेला विजयंता, युद्धात हाती लागलेला पॅटन, जुनी रोल्स रॉइस चिलखती गाडीसुद्धा. मौद्याहून राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, पण शिर्डीची सहल ठरत असेल तर तिकडं वळायला हरकत नाही. मुलांना टेप घेऊन जाऊ द्या. हात लावायची परवानगी नसेल तर पावलांनी लांबी मोजता येते.

खर्चाचं बोलायला हवं. परदेशी १:३५ किट दोन-तीन हजारांच्या पुढं जातात. जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रत्येकाला एक देणं शक्यच नाही, आणि गरजही नाही. पाच-सहा जणांच्या गटाला एक किट दिलं तर कामं वाटली जातात आणि भांडणंही होतात. तीही सोडवू द्यावीत. १:७२ चे लहान किट स्वस्त पडतात, पण त्यांचे भाग इतके बारीक असतात की पाचवीच्या बोटांना ते जमत नाहीत.

किटच नको असेल तर पुठ्ठा घ्या. वर दिलेली मापं वापरून धड, घुमट आणि चाकं कापा. चाकांना बाटल्यांची झाकणं चालतील, मात्र व्यास आधी मोजून घ्या. तोफेला वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी आणि पट्ट्यांना सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पावणेदोन सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या. घुमटाचं झाकण मात्र उघडझाप होणारं करा. ५ सेंटिमीटरचा माणूस त्यातून आत घालता आणि बाहेर काढता आला पाहिजे.